ज्याच्या हातून नुकसान, त्याच्याकडून भरपाई

गावात कोंडवाडा असतो. तो कशासाठी, हे लहान पोरालाही ठाऊक असते. कुणाचा बैल दुसऱ्याच्या वावरात शिरला, कपाशी खाल्ली, केळीची रोपे तुडवली, तर शेताचा मालक तो बैल धरतो आणि कोंडवाड्यात घालतो. बैलाचा धनी येतो, दंड भरतो आणि बैल सोडवून नेतो. नासाडी मोठी असली तर चार माणसे बसतात, वावर पाहतात आणि धन्याला नुकसान भरून द्यायला लावतात. "खाल्ले ते बैलाने, मी नाही खाल्ले," असे धनी म्हणत नाही. म्हटले तरी कोणी ऐकून घेत नाही. बैल त्याचा. दावे त्याच्या हातात. ते सुटू दिले, हा त्याचा दोष. गुरांच्या कोंडवाड्याचा हा कायदा १८७१ सालचा आहे.

याच साध्या गोष्टीवर कायद्याची एक मोठी शाखा उभी आहे. ती सांगते : आपल्या वागण्याने दुसऱ्याला इजा होऊ नये, म्हणून शहाणा माणूस जेवढी काळजी घेतो, तेवढी प्रत्येकाने घ्यावी. ती घेतली नाही आणि त्यामुळे दुसऱ्याला इजा झाली, तर ते नुकसान भरून द्यावे. याला नुकसानभरपाईचा कायदा म्हणतात.

आता एक नवल पाहा. पिकाचे नुकसान झाले तर आपण धन्याच्या दारात हक्काने जातो. पण माणसाचा हात मोडला, पाय गेला, घरचा कर्ता पुरुष गेला, तर पुष्कळ लोक "नशिबात होते" असे म्हणून गप्प बसतात. कपाशीसाठी भांडतात, पण माणसासाठी भांडत नाहीत. हे काही बरोबर नाही. आम्ही हा पाठ लिहिला तो याचसाठी.

दोष कोणाचा, हे कसे ठरते?

इजा झाली म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी दोष असतोच, असे नाही. कोर्ट तीन गोष्टी विचारते. पहिली गोष्ट : काळजी घेणे हे त्या माणसाचे काम होते काय? दुसरी : ती काळजी त्याने घेतली नाही काय? तिसरी : इजा त्यामुळेच झाली काय? तिन्हींचे उत्तर 'होय' आले, तर भरपाई द्यावी लागते.

दोन उदाहरणे सांगतो. दिल्लीच्या चांदणी चौकात एक घड्याळाचा मनोरा होता. तो नगरपालिकेच्या मालकीचा होता. एके दिवशी तो कोसळला आणि खालची माणसे मेली. नगरपालिका म्हणाली, "तो पडेल हे आम्हाला काय ठाऊक?" पण तपासात असे दिसले, की तसल्या बांधकामाचे आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे असते, आणि मनोरा तर ऐंशी वर्षांचा झाला होता. भर रस्त्यावरची जुनी इमारत वेळोवेळी तपासायला नको काय? १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नगरपालिकेला भरपाई द्यावी लागली.

दुसरे उदाहरण गुजरातेतल्या राजकोटचे आहे. १९७५ साली कामावर निघालेल्या एका माणसाच्या अंगावर रस्त्याकडेचे झाड पडले आणि तो दगावला. हा खटलाही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९७ साली निकाल झाला, की इथे महापालिकेचा दोष धरता येत नाही. शहरातल्या प्रत्येक झाडावर रोज नजर ठेवणे शक्य नसते.

दोन्हीकडे माणसे गेली. दोन्हीकडे घरे उघडी पडली. पण एका ठिकाणी हयगय होती, दुसऱ्या ठिकाणी ती सिद्ध झाली नाही. म्हणून पुरावा महत्त्वाचा. पुराव्याबद्दल पुढे सांगू.

चूक नोकराची, जबाबदारी धन्याची

बैल सुटला तर जाब धन्याला विचारतात. तसेच नोकराच्या हातून कामात चूक झाली, तर जाब मालकालाही द्यावा लागतो. ट्रक ड्रायव्हर चालवतो, पण भरपाई मालकाकडून मागता येते. ड्रायव्हर गरीब असतो. त्याच्याकडून काय वसूल होणार? काम मालकाचे, फायदा मालकाचा, म्हणून जोखीमही मालकाची.

सरकार मालक असले तर? आपल्या महाराष्ट्रातच हा प्रश्न आला होता. १९६३ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, सरकारी प्रसूती रुग्णालयात एक बाई बाळंत झाली. मुलगा झाला. तीन दिवसांनी तिची मूल बंद करण्याची शस्त्रक्रिया झाली. पुढे तिला ताप आला. पोट दुखू लागले. दुखणे वाढतच गेले. दहा दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी पोट उघडून पाहिले, तर आत रक्त टिपायचा कपडा राहिला होता. पोटात पू झाला होता. दुसऱ्या दिवशी ती बाई वारली. बाळ दोन आठवड्यांचे होते.

तिच्या नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये भरपाई ठरवली. सरकार वर गेले. सरकारचे म्हणणे असे, की दवाखाना चालवणे हे राज्यकारभाराचे काम आहे, त्याबद्दल आम्हाला कोर्टात खेचता येणार नाही. उच्च न्यायालयाने ते मानले. नवरा हटला नाही. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ साली निकाल लागला. न्यायालय म्हणाले, पोटात कपडा राहिला ही उघड हयगय आहे. त्या खोलीतल्या नेमक्या कोणाच्या हातून तो राहिला, हे कळले नाही तरी चालेल. ती सगळी सरकारची माणसे होती. म्हणून सरकारने भरपाई द्यावी.

तेहतीस वर्षे लागली. हे फार झाले, यात शंका नाही. पण त्या एका माणसाच्या चिकाटीमुळे साऱ्या महाराष्ट्रातल्या रोग्यांचा हक्क पक्का झाला.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. रोगी दगावला म्हणजे डॉक्टर दोषी, असे होत नाही. डॉक्टर देव नाही. त्याने रीतीप्रमाणे उपचार केले आणि तरी गुण आला नाही, तर तो जबाबदार नाही. रीत सोडली, हयगय केली, तरच तो जबाबदार.

दोष दाखवावा लागत नाही तेव्हा

काही वस्तू मुळातच जीवघेण्या असतात. वीज, विषारी वायू, सुरुंगाची दारू. अशा वस्तू जो बाळगतो, त्याच्यावर कायदा जास्त कडक आहे.

१९९७ साली मध्य प्रदेशात जबलपूरकडे पावसात विजेची तार तुटून रस्त्यावर पडली. सायकलवरून घरी निघालेला एक माणूस तिच्यावरून गेला आणि जागीच मेला. वीज मंडळ म्हणाले, "कोणीतरी चोरून आकडा टाकला होता, त्यामुळे तार तुटली. आमचा काय दोष?" २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले : वीज तुम्ही वाहून नेता, तिचा धोका तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा ती कोणाचा जीव घेणार नाही हे पाहणे तुमचे काम. दोष कोणाचा, हे विचारण्याची गरजच नाही. भरपाई द्या.

भोपाळची गोष्ट तर जगाला ठाऊक आहे. १९८४ च्या डिसेंबरात, २ तारखेच्या रात्री, तिथल्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली. पुढे १९८९ साली कंपनीने ४७ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. माणशी हिशेब केला तर ती रक्कम फार तोकडी होती. दरम्यान १९८५ साली दिल्लीतही एका कारखान्यातून वायू सुटला. त्या खटल्यात, १९८६ साली, सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिला : जो जीवघेणा धंदा करतो, त्याच्या धंद्यामुळे कोणाला इजा झाली, तर त्याने भरपाई दिलीच पाहिजे. "आम्ही काळजी घेतली होती," ही सबब चालणार नाही.

रस्त्यावरचा अपघात

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्या मुक्ताईनगरावरून सुरतेकडून नागपूरकडे जाणारा मोठा महामार्ग जातो. रात्रंदिवस ट्रक धावतात. केळीच्या गाड्या निघतात. महाशिवरात्रीच्या यात्रेला मुक्ताईच्या दर्शनासाठी दिंड्या कडेकडेने चालत येतात. शाळेची पोरे रस्ता ओलांडतात. तेव्हा आपल्या भागात हा कायदा सर्वांत जास्त लागतो तो रस्त्यावर.

अपघात झाला की दोन वेगवेगळी कामे सुरू होतात. ती एकमेकांत मिसळू नका.

पहिले फौजदारी. ते पोलीस चालवतात. हयगयीने माणूस मारला, तर गाडी चालवणाऱ्याला शिक्षा होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात अशा गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. त्यातला दंड सरकारजमा होतो. त्याने आपली चूल पेटत नाही.

दुसरे भरपाईचे. हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालते. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असते. ते जिल्हा न्यायालयात बसते. अपघात जिथे झाला तिथे, किंवा आपण राहतो तिथे, अर्ज करता येतो. परगावी अपघात झाला म्हणून परगावी खेटे घालायला नकोत. फौजदारीत ड्रायव्हर सुटला, तरी भरपाई मिळू शकते. कारण फौजदारीत पुरावा अगदी पक्का लागतो, भरपाईच्या कामात तेवढा लागत नाही.

पैसे कोण देतो? बहुधा विमा कंपनी. रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीचा विमा उतरवलाच पाहिजे, अशी कायद्याची सक्ती आहे. लोक त्याला 'थर्ड पार्टी' म्हणतात. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. गाडीचा मालक एक, विमा कंपनी दोन आणि ज्याला इजा झाली तो तिसरा. हा विमा त्या तिसऱ्यासाठीच आहे.

भरपाईचा हिशेब

भरपाई म्हणजे साहेबाच्या मनात आले तेवढी रक्कम नव्हे. तिचे गणित आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ साली ते ठरवून दिले. आपण सोडवून पाहू.

समजा, केळी कापणीवर जाणारा एक मजूर अपघातात गेला. वय ३५ वर्षे. महिन्याची कमाई १०,००० रुपये. मागे बायको, दोन मुले आणि म्हातारी आई, अशी चार माणसे त्याच्यावर अवलंबून.

वर्षाची कमाई झाली १,२०,००० रुपये. माणूस जगला असता तर कमाई पुढे वाढली असती. चाळिशीच्या आतल्या मजुराला त्यासाठी शेकडा ४० वाढ धरतात. ती झाली ४८,००० रुपये. एकूण १,६८,००० रुपये. त्यातला काही भाग तो स्वतःवर खर्च करी. घरात चार माणसे असली तर त्यासाठी चौथा हिस्सा वजा करतात. उरले १,२६,००० रुपये. आता ३५ वर्षांच्या माणसाला १६ ने गुणायचे, असे कोष्टक आहे. गुणाकार करा. २०,१६,००० रुपये झाले. त्यावर अंत्यविधी वगैरेची ठराविक रक्कम वेगळी.

वीस लाख सोळा हजार! आणि अशा वेळी गाडीमालकाचा माणूस काय घेऊन येतो? पन्नास हजारांची गड्डी आणि एक लिहिलेला कागद. "भाऊ, झाले ते झाले. पोराबाळांना होतील. इथे अंगठा दे." घरात रडारड चालू असते. पैशाची नड असते. अंगठा उठतो. पुढे दावा लावला की तोच कागद कोर्टात पुढे येतो : "यांनी राजीखुशीने मिटवले आहे." मग तो कागद खोडून काढण्यात वर्षे जातात.

घरात राबणाऱ्या बाईचे काय? ती कमावत नाही, असे म्हणणारे आहेत. पहाटे पाण्याला जाणारी, भाकरी थापणारी, गुरांचे शेण काढणारी, पोरे सांभाळणारी बाई कमावत नाही? न्यायालय तसे मानत नाही. घरकामाचे मोल पैशात धरून भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. २०२१ साली पुन्हा सांगितले.

आणि माणूस गेला नाही, पण हातपाय गेला तर? तेव्हाही भरपाई मिळते. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढे कमी होणारी कमाई आणि भोगलेली वेदना, हे सगळे धरतात. पण दवाखान्याच्या पावत्या लागतात. त्या चुलीत जाऊ देऊ नका.

गाडी ठोकर देऊन पळून गेली आणि सापडलीच नाही, तर दुसरी वाट आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात माणूस गेल्यास त्याच्या वारसांना २ लाख रुपये आणि जबर जखमी झाल्यास ५०,००० रुपये मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत करायचा असतो. लोकांना हे ठाऊक नसते, म्हणून हे पैसे मागायला कोणी जात नाही.

खड्ड्यात पडून माणूस गेला तर? तेही नशीब नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने हुकूम दिला, की खराब रस्त्यावरच्या खड्ड्याने किंवा उघड्या गटाराने मृत्यू आला, तर वारसांना ६ लाख रुपये द्यावेत. जखमी झाल्यास इजेप्रमाणे ५०,००० ते अडीच लाख रुपये.

मालाच्या गाडीत बसणे

१५ फेब्रुवारी २०२१. त्या रात्री यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला. मालाबरोबर मजूर बसले होते. बाया होत्या, मुले होती. निदान पंधरा जीव गेले. बहुतेक माणसे आपल्या शेजारच्या रावेर तालुक्यातली. पोट भरायला गेली आणि परतलीच नाहीत. सरकारने मदत जाहीर केली.

इथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली. सरकारची मदत वेगळी आणि भरपाई वेगळी. मदत सरकार दयेने देते. तशीच शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात अनुदान योजना आहे. तिच्यात शेतकरी घरातला माणूस अपघातात गेल्यास २ लाख रुपये मिळतात. हे पैसे जरूर घ्यावेत. पण ते घेतले म्हणून गाडीमालकाकडची भरपाई संपत नाही. तिचा अर्ज वेगळा करावा लागतो.

दुसरी. ट्रक मालासाठी असतो. त्याचा विमाही त्याच हिशेबाने असतो. मालाचा धनी मालाबरोबर बसला, किंवा गाडीवर कामाला असलेला मजूर बसला, तर विम्याचा आधार मिळू शकतो. पण जो नुसता "जागा आहे, चल बस" म्हणून बसला, त्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. मग उरतो गाडीमालक. त्याच्याजवळ पैसा नसला, तर हातात फक्त निकालाचा कागद राहतो. लग्नाचे वऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून नेतात, तिथेही हाच धोका. तेव्हा मजुरांनी मुकादमाला स्पष्ट सांगावे : "माणसांची गाडी आण, मालावर आम्ही बसणार नाही." चार बाया एकत्र बोलल्या, तर मुकादमाला ऐकावे लागते.

कामावर इजा झाली तर

मळणी यंत्रात हात जातो. कडबा कापताना बोटे जातात. बांधकामावर फळी सरकते. याबद्दल आपल्या देशात १९२३ सालीच कामगार भरपाईचा कायदा झाला. २०२० साली संसदेने सामाजिक सुरक्षा संहिता केली आणि तो जुना कायदा तिच्यात सामावून घेतला. तत्त्व तेच राहिले : काम करता करता कामामुळे इजा झाली, तर मालकाने भरपाई द्यावी. मालकाचा दोष दाखवावा लागत नाही. यंत्राने शेती करणाऱ्या मजुरालाही हा आधार आहे. "तू नीट काम केले नाहीस," एवढे म्हणून मालक सहसा सुटत नाही.

आपल्यावरही हाच कायदा

आतापर्यंत आपण घेणारे होतो. आता देणारे होऊन पाहा. कायदा दोन्हीकडून सारखा आहे.

रानडुकरे येतात म्हणून काहीजण कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडतात. डुक्कर राहते बाजूला, पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी मरतो. वीज कोणी सोडली? ज्याने सोडली त्याला तुरुंग आहे, आणि मेलेल्याच्या घरी भरपाईही आहे. "मी डुकरासाठी सोडली होती," हे म्हणणे चालत नाही.

बोअर कोरडी गेली म्हणून तोंड उघडे टाकतात. पोरे खेळता खेळता आत पडतात. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की निकामी बोअर तळापासून तोंडापर्यंत बुजवली पाहिजे. वावर तुमचे, तेव्हा ती बुजवणे तुमचे काम.

पंधरा वर्षांचे पोर मोटारसायकल घेऊन बाजारात जाते. बापाला कौतुक वाटते. त्या पोराच्या हातून अपघात झाला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे बापाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वर भरपाई वेगळी. पोराला परवाना नाही म्हणून विमा कंपनी पैसे भरले तरी ते मालकाकडून वसूल करायला येते.

ट्रॅक्टरचा विमा संपला आहे, "हंगाम झाला की भरू," असे म्हणतात. त्या चार महिन्यांत अपघात झाला, तर पंधरा-वीस लाख स्वतःच्या खिशातून. वावर विकावे लागते. विम्याचा हप्ता त्यापुढे काहीच नाही.

काय करावे?

अपघात झाला की पहिले काम जखमीला दवाखान्यात नेणे. पुष्कळजण पोलिसांच्या भीतीने पुढे येत नाहीत. ती भीती आता नको. जखमीला नेणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही, त्याला नाव सांगण्याचीही सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली हे नियम पक्के केले आणि २०१९ साली ते कायद्यातच आले. रस्ता अपघातातल्या जखमीला पैसे न भरता उपचार मिळावेत, अशी केंद्र सरकारची योजनाही २०२५ सालापासून आहे. दीड लाख रुपयांपर्यंत आणि सात दिवसांपर्यंत. दवाखान्यात तिच्याबद्दल विचारावे.

मग पुढील गोष्टी कराव्यात :

गाडीचा नंबर लिहून घ्यावा. आपल्याला आता अक्षर आणि आकडे येतात. त्याचा पहिला उपयोग इथे करावा.

पोलिसांत फिर्याद द्यावी आणि तिची नक्कल मागून घ्यावी. ती फुकट मिळते.

घटनास्थळाचा पंचनामा, दवाखान्याची कागदपत्रे, औषधांच्या पावत्या, आणि माणूस दगावला असल्यास शवविच्छेदनाचा अहवाल व मृत्यूचा दाखला एका पिशवीत जपून ठेवावेत.

कमाईचा पुरावा शोधावा. मजुराजवळ पगाराची चिठ्ठी नसते. मुकादमाची वही, बँकेचे पासबुक, ज्याच्याकडे कामाला जात होता त्या शेतकऱ्याचे सांगणे, हेही चालते.

सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. कायद्यात ही मुदत सांगितली आहे. मुदत टळली असली, तरी दार बंद झाले असे आपणच ठरवू नये. वकिलाला विचारावे.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, म्हणून कोणी थांबू नये. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याप्रमाणे बायांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना, कामगारांना आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. तिथे जाऊन साध्या कागदावर अर्ज करावा. फोनवर विचारायचे असेल तर १५१०० हा नंबर लावावा.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," अशी आपल्याकडे म्हण आहे. बांधाच्या चार बोटांसाठी तीन पिढ्या भांडणाऱ्याला ती म्हण सांगावी. ज्याच्या घरचा कर्ता गेला, त्या बाईला ती सांगू नये. तिच्यासाठी कोर्ट हे भांडणाचे ठिकाण नाही. पोरांचे शिक्षण आणि म्हातारीचे औषध तिथून यायचे आहे. तडजोडीने मिटवायचे असले, तर तेही कोर्टाच्या लोकअदालतीत मिटवावे. तिथे न्यायाधीश समोर असतात, रक्कम लिहिली जाते आणि ती वसूल होते. मात्र लोकअदालतीचा निकाल शेवटचा असतो, त्यावर अपील नाही. म्हणून तिथेही आधी आपल्या हक्काचा हिशेब करावा, मगच होकार द्यावा.

आणि कोणी दारात येऊन कागद पुढे केला, तर घाई करू नये. तो कागद स्वतः वाचावा. एखादा शब्द अडला तर शाळेतल्या गुरुजींना किंवा शिकलेल्या पोरीला विचारावा. रक्कम किती, कशाबद्दल, आणि "यापुढे मागणी नाही" असे कुठे लिहिले आहे काय, हे पाहावे. कागद घेऊन आलेला माणूस एक रात्र थांबायला तयार नसेल, तर त्यावर सही करू नये.